चिंधी बांधलेल्या नऊ काकड्या

“शाले, हात धुऊन ये,” आबा म्हणाले. “आन् येताना बियान्याची दोन्ही गाडगी घिऊन ये.”

मी हात धुतले, गाडगी आणली आणि त्यांच्यापुढं आदळली. फुटली नाहीत, एवढंच. आबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. ओट्यावर पोतं अंथरून ते विळीवर बसले होते आणि शेजारी ओळीनं नऊ काकड्या मांडल्या होत्या. वेलावरच पिकून तांबूस झालेल्या, हातभर लांब, आणि प्रत्येकीच्या देठाला पांढरी चिंधी. चिंधी बांधलेली काकडी आमच्या मळ्यात कुणी तोडत नसे. ती बियाण्याची. वैशाखात त्या सगळ्या एका दिवशी कापायच्या, प्रत्येकीची फोड चाखायची, गोड असेल तिचं बी काढून राखेत घोळायचं आणि नव्या गाडग्यात भरायचं. कडू निघाली तर बियासकट उकिरड्यावर.

मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते आणि रागानं नुसती धुमसत होते. त्या दिवशी सकाळीच आमचं वाजलं होतं.

माझ्या धाकट्या भावाचं, हिंदुरावचं, लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. नवी सून येणार म्हणजे चूल तिची, कणगी तिची. मग शालनचं काय, हा प्रश्न फक्त शालनलाच पडला होता. आठ वर्षांपूर्वी मी सासरहून परत आले. मूल होत नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि तिच्या बाळंतपणात मी पाणी तापवावं अशी त्याची अपेक्षा होती. मी पाणी तापवलं नाही, एसटी पकडली. आई त्याआधीच गेली होती. तेव्हापासून स्वयंपाक, खुरपण, तोडणी, बाजार, सगळं माझ्या गळ्यात होतं आणि ते मी आवडीनं करत होते. खोटं कशाला बोलू, मळा मला फार आवडायचा.

सकाळी न्याहारीला मी विषय काढला. “आबा, इंजनाकडचं चार वाफं मला द्या. माझं मी पिकवीन, माझं मी खाईन. हिंदूच्या बायकोपुढं मला हात पसरायचा न्हाई.”

“घे की,” आबा म्हणाले. “कोन नको म्हनतंय? मेथी लाव, कोथमीर लाव.”

“आन् मूठभर काकडीचं बियानं.”

त्यांचा घास हातातच राहिला. “ते न्हाई.”

“का न्हाई? येल कोन निवडतंय? चिंध्या कोन बांधतंय? आठ वर्सं मीच न्हवं?”

“बियानं लेकीच्या पदरात घालत न्हाईत.”

“लेक कुठली आता? परत आले न्हवं मी?”

“परत आलीस म्हंजे काय सून झालीस?”

हिंदुराव फसकन हसला. त्याला कशावरही हसू यायचं, त्याच्या मनात काही नसायचं. आबा हसले नाहीत. त्यांनी तो घास तोंडात घातला, चावला, वर पाणी प्यायलं आणि उठून गेले. आमटीत मी त्या दिवशी मीठ घालायला विसरले होते. हिंदुरावनं पहिल्याच घासाला बोंब मारली होती. आबांनी मात्र वाटीभर आमटी चाटूनपुसून खाल्ली. ते माझ्या जेवणाला कधी नाव ठेवत नसत, आणि चांगलं झालं असंही कधी म्हणत नसत.

या बियाण्याचं आमच्या घरात एवढं काय होतं, ते सांगायला हवं.

कऱ्हाडच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठावर आमचा साडेतीन एकराचा मळा. पणज्यानं, रावजी रासकरनं, तो काटेरी झुडपं तोडून वाहितीला आणला. आज्यानं विहीर बांधली, मोट चालवली. आबांनी मोटेच्या जागी इंजिन बसवलं. वांगी, मिरची, घेवडा सगळंच आम्ही करायचो, पण बाजारात आमची ओळख काकडीची. सडपातळ, पोपटी, पातळ सालीची आणि कधीही, अगदी देठापर्यंत, कडू न निघणारी. कऱ्हाडच्या बाजारात गिऱ्हाईक काकडी घेताना आधी एक मोडून चाखतं. सगळ्यांच्याच पाटीतली चाखतात. आमची पाटी कुणी मोडत नसे. “रासकरांची हाय,” एवढं म्हटलं की झालं. बायका आमची काकडी देठ न घासता चिरत.

आणि हे बियाणं आमच्याकडं आलं कसं? तर रावजीच्या एका बहिणीनं सासरच्या मळ्यातून आणलं. माहेरपणाला आली तेव्हा पदराच्या गाठीत सात बिया बांधून. सासरी ते उघडकीला आलं आणि तिला त्यांनी पुन्हा घरात घेतलं नाही. पुढं तिचं काय झालं, कुणी सांगत नसे. तिचं नावसुद्धा घरात कुणाला ठाऊक नव्हतं. रावजीनं मात्र त्यातून एक गोष्ट बरोबर शिकून घेतली. लेकीचा पदर काय करू शकतो ते त्याला कळलं होतं. त्यानं नियम घातला की या घरातून लेक सासरी निघाली की मळ्याच्या बांधावर तिनं थांबायचं, पदर सोडायचा आणि सगळ्यांदेखत झटकायचा. मग पुढं पाऊल टाकायचं.

माझ्या लग्नात मीही झटकला होता. अंगावर हळद, डोळ्यांत पाणी, वाजंत्री वाजतायत आणि मी बांधावर उभी राहून चोरासारखी झडती देतेय. व्याही मंडळींना वाटलं, काहीतरी देवाचं असेल.

दुसरा नियम गाडग्याचा. दोन वर्षांचं बी घरात ठेवायचं नाही. नवं बी भरलं की जुनं उरलंसुरलं त्याच दिवशी कृष्णेत सोडायचं, म्हणजे ते दुसऱ्या कुणाच्या वाफ्यात जायचा धोका नको. सोडणाऱ्यानं तिथंही पदर झटकायचा, नाहीतर धोतराचा सोगा.

तिसरा नियम चाखण्याचा. चाखायचं काम घरच्या कर्त्या पुरुषाचं. बाईमाणसानं राख चाळायची, बी घोळायचं, गप बसायचं. पण मी परत आले त्या वर्षीपासून आबांनी एक वेगळं सुरू केलं होतं. त्या वर्षी ते टायफॉइडनं दीड महिना अंथरुणाला खिळले होते. उठले तेव्हा निम्मे झाले होते. त्यानंतरच्या पहिल्या बियाण्याच्या दिवशी त्यांनी फोड कापली, निम्मी आपल्या तोंडात टाकली आणि निम्मी माझ्यापुढं धरली. “तूबी खा,” म्हणाले. मला भरून आलं होतं. सासरनं टाकलेल्या लेकीला बापानं आपल्या घासातला घास दिला, असं मला वाटलं. पुढं ती रीतच पडली. ते खायचे, मी खायचे, मग ते म्हणायचे, “गोड हाय.” आठ वर्षांत दोनदा कडू निघाली. दोन्ही वेळा मी थुंकले आणि आबा म्हणाले, “कडू हाय. टाक.”

तर त्या दिवशी आम्ही दोघं ओट्यावर समोरासमोर बसलो होतो आणि मी त्यांच्याशी एक अक्षर बोलत नव्हते.

पहिली कापली. देठाकडची पातळ फोड काढून त्यांनी निम्मी खाल्ली, निम्मी मला दिली. पिकलेली काकडी आंबूस लागते, पण आत गोडी असतेच. “गोड हाय,” आबा म्हणाले. दुसरी गोड, तिसरी गोड. मी बोटांनी बी सोडवत होते आणि मनात ते सकाळचं वाक्य घोळवत होते. परत आलीस म्हंजे काय सून झालीस? उद्या येणारी एक परकी पोर, जिला वेल आणि तण यातला फरक कळणार नाही, ती या गाडग्याची मालकीण होणार. आणि मी मेथी लावायची.

“राख कमी पडतीया,” आबा म्हणाले.

मी राख ओतली. चौथी, पाचवी, सहावी झाली.

सातवी काकडी त्या सगळ्यांत देखणी होती. सरळ, एकसारखी, चिंधी मीच बांधली होती. आबांनी फोड तोंडात टाकली आणि चावायला लागले. निम्मी मला दिली. मी दातांखाली धरली आणि माझी जीभ जळाली. कडू म्हणजे कडूजहर. कान गरम झाले. आदल्या वर्षी पलीकडच्या मळ्यात कुणीतरी कुठलंसं वेगळं बियाणं लावलं होतं आणि मधमाश्या काही बांध बघून फिरत नाहीत.

मी थुंकणारच होते. तेवढ्यात वर पाहिलं. आबा माझ्याकडं बघत होते. संथपणे चावत, डोळे माझ्या तोंडावर. मला वाटलं, सकाळचा राग उतरलाय का, ते बघतायत.

आणि त्यांना कडू लागलेलं नाही, हेही माझ्या लक्षात आलं. त्यांच्या वाट्याला फोडीचं खालचं टोक आलं असेल, असं मी धरलं. कडूपणा देठापाशी असतो. म्हणजे या घडीला अख्ख्या जगात हे फक्त मला ठाऊक होतं.

मी चावत राहिले. भुवई हलू दिली नाही. गिळलं.

आबा आणखी क्षणभर थांबले. मग म्हणाले, “गोड हाय.” आणि त्यांनी सातवीचं बी राखेत लोटलं.

तुम्ही म्हणाल, चूक झाली, कळलं नसेल. तसं काही नाही. मला सगळं कळत होतं. नवातली एक कडू म्हणजे पुढच्या वर्षी नऊ वेलांमागं एक वेल कडू. वरून ओळखू येत नाही. पाटीत शंभर काकड्या असल्या तर दहा-बारा कडू निघणार आणि त्या कुठल्या ते खाल्ल्याशिवाय समजणार नाही. हे मला लहानपणापासून पाठ होतं. तरी मी ते बी माझ्या हातानं राखेत घोळलं, बाकीच्यात मिसळलं. मला त्या वेळी फार बरं वाटलं. जिभेवर ते जहर होतं आणि आत थंडगार वाटत होतं.

संध्याकाळी आबांनी जुनं गाडगं माझ्या हातात दिलं. “जा, सोडून ये.” हिंदुराव म्हशी धुवायला नदीवरच निघाला होता, तो बरोबर आला.

घाटाच्या पायरीवर मी गाडगं उपडं केलं. मूठभर बी तळहातावर आलं. गेल्या वर्षीचं, प्रत्येक फोड गोड लागल्यावरच ठेवलेलं. मूठ मिटायची आणि कमरेला खोचायची, एवढंच करायचं होतं. हिंदुराव पाठमोरा म्हशीला घासत होता. सकाळी जे मागितलं होतं ते माझ्या हातात होतं.

मी ते पाण्यात सोडलं. मग पदर सोडला आणि खाडकन झटकला. दोनदा झटकला. तुमचं मला काही नको, असं मला कुणाला तरी दाखवायचं होतं. बघायला मात्र एक म्हैस होती.

त्यानंतर दहा महिने होते. कधीही सांगता आलं असतं. हिंदुरावचं लग्न झालं. त्याची बायको अनसूया सतरा वर्षांची, भित्री, पहिल्या दिवसापासून मला “आक्का, आक्का” करत मागं फिरणारी. तिचा राग करायची मी खूप खटपट केली, जमलं नाही. दिवाळीत एकदा आबा एकटेच विहिरीवर बसले होते, तेव्हा सांगायला म्हणून गेले. त्यांनी मला पाहून सरकून जागा दिली आणि म्हणाले, “ह्या वर्साला काकडी दीड एकरावर करू. हिंदूला पाइप घ्यायचीया.” मी म्हणाले, “करा की.” आणि उठले. महाशिवरात्रीनंतर टोकणी झाली. टोकायला मीच होते, प्रत्येक आळ्यात दोन-दोन बिया. एकेक बी बोटानं दाबताना मी मनात म्हणायचे, कडू ते तू का? का तू?

वेल वर्षानुवर्षं आला नव्हता असा जोमदार आला.

चैत्रात पहिल्या पाट्या बाजारात गेल्या आणि नेहमीसारख्या हातोहात खपल्या. दुसऱ्या बाजारालाही गेल्या. तिसऱ्या बाजाराला आबा, हिंदुराव आणि मी बैलगाडी घेऊन पोचलो तेव्हा इस्माईल बागवान आमच्या जागेवर उभे होते. इस्माईलचाचा आमचा माल घाऊक उचलायचे, त्यांच्या वडिलांपासून. त्यांच्याभोवती पाच-सहा बायका आणि हॉटेलवाला एक माणूस असे सगळे उभे होते.

“केरबा,” चाचा आबांना म्हणाले, “जरा बसा.”

“काय झालं?”

“मानसं तक्रार करत्यात. काकडी कडू निघतीया म्हनं.”

“आमची?” आबा हसले. “दुसऱ्याची आसंल.”

“दुसऱ्याची कशी आसंल?” एक बाई पुढं आली. “तुमची म्हनून घासली बी न्हाई मी. कोशिंबीर केली. पावनं जेवायला बसल्यालं, पहिल्या घासाला उठलं!”

“माजं गिऱ्हाईक गेलं,” हॉटेलवाला म्हणाला.

चाचांनी आमच्या पाटीत हात घातला. तीन पिढ्यांत पहिल्यांदा कुणीतरी आमच्या पाटीतली काकडी उचलली आणि मोडली. तो कट्ट आवाज अजून माझ्या कानात आहे. पहिली त्यांनी चाखली, बाजूला ठेवली. दुसरी मोडली, चाखली, ठेवली. चौथी का पाचवी चाखली आणि ते थुंकले. उरलेला तुकडा त्यांनी आबांपुढं धरला.

“तुमीच सांगा.”

आबांनी तुकडा घेतला. त्यातला निम्मा तोडून तोंडात टाकला आणि निम्मा माझ्यापुढं धरला.

“तूबी खा, शाले.”

सगळा बाजार आमच्याकडं बघतोय असं मला वाटलं. मी मान खाली घातली. माझा हात पुढं होईना. आबा हात तसाच धरून उभे होते. चावत होते. मी वर पाहिलं नाही.

मग आबा म्हणाले, “गोड हाय की.”

मग ती कोशिंबीरवाली बाई हसली, हॉटेलवाला हसला. “बगा, मालक कसं शपथेवर सांगत्यात!” कुणीतरी म्हणालं. हिंदुरावनं आबांच्या हातातला तुकडा हिसकावून तोंडात टाकला आणि लगेच थुंकला. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं होतं. “आबा, कडू हाय ओ! जहर हाय!” तो ओरडला.

चाचांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, “केरबा, घरला जावा. खोटं बोलायचं वय हाय का आता?” आबा आयुष्यात खोटं बोलले नव्हते, हे चाचांना माझ्याइतकंच ठाऊक होतं. म्हणून चाचांनाच ते जास्त लागलं असावं.

आम्ही भरल्या पाट्या घेऊन परत आलो. मळ्यात पोचल्यावर हिंदुरावनं बैल सोडले, कुऱ्हाडीच्या दांड्यानं एक पाटी उधळली आणि दुपारच्या उन्हात कुठंतरी निघून गेला. अनसूया आत रडत बसली. तिला वाटलं, आपल्या पायगुणानं झालं.

आबा ओट्यावर टेकले. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी तांब्या बाजूला ठेवला.

“बस,” म्हणाले.

मी बसले. त्याच जागी, समोरासमोर.

“सातवी हुती न्हवं?” आबांनी विचारलं.

मी मान हलवली.

“तवाच माज्या मनात आलं हुतं. बाकीच्या टायमाला तू चावताना इकडंतिकडं बघत हुतीस. त्या टायमाला माज्याकडं बघितलंस.”

“आबा, तुमाला जर वाटलं हुतं तर तुमीच का—”

“मला काय कळतंय?” ते म्हणाले. “टायफाइड झाला तवापासनं माज्या जिभंला कायबी लागत न्हाई. गोड न्हाई, कडू न्हाई, मीठ न्हाई. माती खाल्ल्यागत खातुया मी, आठ नऊ वर्सं झाली.”

मला मीठ नसलेली आमटी आठवली. चाटूनपुसून खाल्लेली.

“मग फोड...”

“फोड खायची आन् तुज्या तोंडाकडं बघायचं. तू गिळलीस की गोड. तू थुकलीस की कडू. आठ वर्सं ह्या मळ्याचं बियानं तूच ठिवत आलीस, शाले. मी नुसता विळीवर बसत हुतो.”

“मग मला सांगायचं!” मी ओरडले. मला रडू फुटलं होतं आणि रागही आला होता, दोन्ही एकदम. “एकदा तरी सांगायचं! मूठभर बियानं मागितलं तर लेकीला देत न्हाईत म्हनला, सून झालीस का म्हनला!”

“कसं सांगू? रासकराचा मळा सासरनं टाकल्याल्या पोरीच्या जिभंवर चालतुया, म्हनून सांगू? बाजारात सांगू, का हिंदूला?”

“मला सांगायचं.”

“चुकलंच माजं,” आबा म्हणाले. “पर तू नुसतं तोंड वाकडं केलं आसतंस तर?”

मी तांब्या उचलून पुन्हा त्यांच्यापुढं सरकवला.

ते आत गेले आणि गाडगं घेऊन आले. नव्या बियाण्यातलं टोकून उरलेलं, अर्धं गाडगं. ते त्यांनी माझ्या मांडीवर ठेवलं. वर माझाच पदर ओढून घातला, ओटी भरतात तसा.

“घे,” म्हणाले. “तुला पायजे हुतं न्हवं?”

दुसऱ्या दिवशी हिंदुरावनं दीड एकर वेल उपटून बांधावर टाकला. मी त्याला सांगायला गेले की थांब, प्रत्येक वेलाची एकेक चाखून गोड तेवढे निवडता येतील, चार-पाच वर्षांत बी पुन्हा शुद्ध होईल, मी चाखते. तो म्हणाला, “आक्का, आता आमची कोन न चाखता घेनार हाय का? ती मोडूनच घेनार.” ते खरंच होतं. मूठभर गोड बी पाण्यात सोडणारीनं त्याला काय सांगावं? पुढच्या वर्षी त्यानं दुकानातून पुड्या आणल्या. नंतर काकडी बंद केली, ऊस लावला. आबा तीन वर्षांनी गेले. त्या तीन वर्षांत मी वाढलेलं ते खात राहिले आणि प्रत्येक घासाला मी त्यांच्याकडं बघत राहिले. हिंदुरावच्या पोरांनी आता मळ्याचे प्लॉट पाडलेत. विहीर बुजवलीय. बांध कुठं होता, ते मला सोडून कुणाला सांगता येणार नाही.

माझं गाडगं बरीच वर्षं माझ्या खोलीत फळीवर होतं. मी ते पेरलं नाही आणि टाकलंही नाही. उंदरांनी कधी संपवलं कळलं नाही.

मी कऱ्हाडच्या बाजारात बसते, भाजी विकते. पंचवीस-तीस वर्षं झाली. लोकांच्या मळ्यातली घ्यायची आणि विकायची. उन्हाळ्यात काकडी असतेच. गिऱ्हाईक पाटीपुढं थांबतं आणि विचारतं, “मावशी, कडू न्हाई न्हवं?”

मी पाटीतली एक उचलते, मोडते, देठाकडचा तुकडा तोंडात टाकते आणि चावते. काकडीकडं कुणी बघत नाही. सगळे माझ्या तोंडाकडं बघत उभे राहतात.